शनिवारची सौना

"सौना शुक्रवारी होती," असं वेन साल्मेला मला म्हणाला तेव्हा नऊ वाजायला सहा मिनिटं होती आणि मी त्याच्या कोटाच्या बाहीवर राहून गेलेली लाँड्रीची चिठ्ठी ओढून काढत होतो. कोर्टाचा तिसरा मजला, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारची जागा. त्यानं ते वाक्य हवामानाबद्दल बोलावं तसं उच्चारलं; खरं म्हणजे आमच्या डुलुथ शहरात हवामानाबद्दल माणसं याहून जास्त जिव्हाळ्यानं बोलतात. मी विचारलं, "कुठली सौना?"

"आइलीकाकूकडची. तुम्ही आता ज्युरीला सांगणार आहात ना, ती."

"ती शनिवारी होती."

"नाही. शनिवारी तिच्या भट्टीचं धुराडं तुंबलं होतं. मी गेलो होतो तो शुक्रवार."

चिठ्ठी माझ्या हातात आली. तिच्यावर त्याचं आडनाव चुकीचं लिहिलेलं होतं. "वेन, हे तुम्ही मला आज सांगताय."

"काल तुम्ही ते भाषण म्हणून दाखवलंत, त्यात तीन वेळा शनिवार आला. मग घरी जाऊन मी विचार केला."

"नऊ महिने प्रत्येक कागदावर शनिवार आहे."

"आहे खरा. पोलीस आले तेव्हा काकूनं शनिवार सांगितला. मी शेजारीच बसलो होतो. आता तिच्या घरात, तिच्या टेबलाशी, तिचीच कॉफी पीत तिला सांगायचं का, की तुझं चुकतंय म्हणून?"

"मग शनिवारी रात्री तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"कोणाबरोबर?"

त्यानं थोडा विचार केला, जणू कोणीतरी निघेलही. "एकटाच," तो म्हणाला. तेवढ्यात शिपायानं दार उघडलं आणि आम्ही दोघं, आरोपी आणि त्याचा सरकारी खर्चानं नेमलेला वकील, शिकवल्यासारखे ताठ चालत आत गेलो.

खटल्याच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचे वकील ज्युरीसमोर उभे राहून पुढचे काही दिवस पुरावा काय काय दाखवणार आहे ते सांगतात. आम्ही त्याला ओपनिंग म्हणतो. त्यात वाद घालायचा नाही, मत द्यायचं नाही, फक्त येणार आहे तेवढंच सांगायचं. घर विकणारा दलाल तळघराबद्दल बोलतो तसं: ओल आहे म्हणायचं नाही, गारवा आहे म्हणायचं. तेवीस वर्षं मी हे करत आलोय. दर दोन वर्षांनी आमचं ऑफिस आम्हाला कुठल्यातरी हॉटेलच्या बिनखिडकीच्या दालनात प्रशिक्षणाला पाठवतं. तिथे गालाला माइक चिकटवलेला एक तरतरीत माणूस सांगतो, की दहातले आठ ज्युरी ओपनिंगलाच मनाशी निकाल ठरवतात आणि उरलेला खटला ते आपण कसे बरोबर होतो हे बघण्यात घालवतात. हा आकडा कुठून आला हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही; दालनातल्या दहातल्या आठांनी तो ऐकताक्षणीच खरा मानला होता. मला मात्र त्या माणसाचं दुसरं एक वाक्य लक्षात राहिलंय. ओपनिंगमध्ये दिलेला शब्द ज्युरी विसरत नाही. साक्षीदार काय बोलले ते विसरेल, जजनी समजावलेला कायदा तर ती ऐकतच नाही, पण तुम्ही जे येणार म्हणालात आणि जे आलं नाही, ते तिला पाठ असतं. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. तेव्हा बोल्डन नावाच्या माझ्या एका अशिलाचा खटला व्हायला अजून तीन आठवडे होते.

समोरच्या टेबलाशी सरकारी वकील कर्टिस लिंडक्विस्ट कोटाचं बटण लावत होता. हिवाळ्यात गुरुवारी आम्ही एकाच संघातून बर्फावर दगड ढकलायचा खेळ खेळतो. खेळात तो सावध आहे, कोर्टात जास्त. माझ्याकडे वाकून तो हळूच म्हणाला, "चेहरा असा का रे, नील? पोट बिघडलंय?"

"कॉफी."

"तुमच्या ऑफिसातली? मग तक्रार नोंदव, मी खटला चालवतो."

मग तो उठला, ज्युरीच्या कठड्यापासून बरोबर तीन पावलांवर जाऊन थांबला आणि म्हणाला, "रँडी क्रोलला आता स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत." बस्स, एवढंच. आणि पाच सेकंद थांबला. चांगलं होतं. मला हेवा वाटला, आणि भीती वाटायच्या आधी हेवा वाटला याची दखलही घेतली. पहिल्या रांगेत बसलेल्या रँडी क्रोलनं मांडीवरचे हात हलवले नाहीत. डाव्या हाताला दोन बोटं, उजव्याला चार. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, संध्याकाळी आठ वीसला, गोठलेल्या खाडीवरची त्याची मासेमारीची खोपटी पेटली तेव्हा तो आत झोपला होता. खोपटीच्या दारावर बाहेरून पेट्रोल टाकलेलं होतं. वेन त्याचा शेजारी. बर्फ हटवताना रँडी आपल्या वाटेवरचा ढीग वेनच्या वाटेत लोटायचा, तीन हिवाळे. तिसऱ्या हिवाळ्यात वेन कॉफीच्या दुकानात म्हणाला होता, की एक दिवस ती खोपटी पेटवून देईन. दुसरा कोणी म्हणाला असता तर विसरून गेले असते लोक. वेन वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यामुळे अकरा जणांना ते शब्दशः आठवत होतं. शिवाय कोणीतरी हिरव्या रंगाचा ट्रक बर्फावरून परत येताना पाहिला होता. वेनचा ट्रक हिरवा आहे. गावात हिरवे ट्रक आणखी असतील, पण त्यांच्या मालकांनी कॉफीच्या दुकानात काही पेटवायची भाषा केली नव्हती. दोषी ठरला तर निदान आठ-नऊ वर्षं आत. वेन एकसष्ट वर्षांचा होता, त्याला मधुमेह होता, आणि त्याच्याकडे एकच गोष्ट होती: त्र्याऐंशी वर्षांच्या आइली मातला, त्याच्या वारलेल्या काकांची बायको, ज्या शपथेवर सांगणार होत्या की त्या शनिवारी सात ते साडेनऊ वेन त्यांच्या अंगणातल्या सौनात, त्या तापवलेल्या लाकडी खोलीत, घाम गाळत बसला होता.

ती सौना माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. म्हणजे तिची टिपणं. मला त्यांची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. तीन आठवडे मी ते गॅरेजमध्ये गाडीच्या दिव्यांना ऐकवलं, मग ज्युडिथला, माझ्या बायकोला. ती म्हणाली, "सुटतोय तो. कुत्रासुद्धा गप्प बसला." सुरुवात लाकडाच्या वासानं होती. देवदाराच्या फळ्या, तापलेले दगड, त्यांच्यावर पळीनं ओतलेलं पाणी, तो चर्र आवाज, आणि वाफेत शेजारी शेजारी बसलेली दोन म्हातारी माणसं, काही न बोलणारी, कारण सौनात बोलत नाहीत. मग एक वाक्य होतं: वेन साल्मेला त्या घटकेला उष्णतेत होता, पण ती उष्णता दुसरी होती. हे वाक्य मला फार आवडायचं. आता सांगताना जरा कसंतरी होतं. पण खरी गोम अशी होती, की मी ज्युरीच सौनासाठी निवडली होती. सोमवारी निवडीच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी सौना आहे? सात हात वर झाले. लिंडक्विस्टला वाटलं मी वेळ काढतोय. मी त्या सातांतले पाच ठेवले. तिसऱ्या खुर्चीत निएमी नावाचा धान्याच्या गोदीवरचा माणूस होता, ज्याच्या आजोबांनी राहतं घर बांधायच्या आधी सौना बांधली होती. आइलीकाकू साक्षीला उभी राहिली असती तर निएमीनं तिला आपल्या घरी जेवायला नेलं असतं. आता ते पाच जण माझ्यासमोर बसले होते, एका अशा संध्याकाळची वाट पाहत जी एक दिवस आधीच होऊन गेली होती.

लिंडक्विस्ट म्हणत होता, "पुरावा असं दाखवेल, की आरोपीनं ही धमकी दोनदा दिली." एकदाच दिली होती. मी कागदावर 'दोनदा' लिहिलं. हात आपोआप चालतो. आक्षेप घेण्यात अर्थ नसतो. ओपनिंग मध्येच तोडणारा वकील ज्युरीला लग्नात उठून बोलणाऱ्या पाहुण्यासारखा दिसतो. वेन माझ्या उजवीकडे बसला होता, हात टेबलावर, अगदी सरळ, डॉक्टरकडे आल्यासारखा. सकाळच्या त्या एका वाक्यानं आपण काय केलंय ते त्याला कळलं होतं का, हे मला कळत नव्हतं. मी शिकागोचा. बावीस वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मला वाटायचं ही माणसं मनातलं लपवतात. तसं नसतं. त्यांच्या मनातच दुसऱ्याला खोटं पाडायची सोय नसते. आमच्या गल्लीत ओलाफ टँडबर्ग म्हणून राहतो. चर्चचे नवे पाद्री पहिल्या रविवारी त्याला चुकून एरिक म्हणाले. पाद्री अकरा वर्षांनी बदली होऊन गेले तोवर तो एरिक होता. निरोपाच्या कार्डावर त्यानं सही केली ती एरिक म्हणून. बायकोनंसुद्धा, एरिक आणि इंगर. इथे हॉटेलात माशाऐवजी मांस आलं तर माणसं ते संपवून वर मस्त होतं म्हणतात. आपलं बरोबर असलं तरी 'तसंही असेल' म्हणतात, आणि 'तसंही असेल' याचा अर्थ तसं मुळीच नाही असा होतो हे मला सहा वर्षांनी समजलं. हे सगळं मी पार्ट्यांमध्ये सांगतो. लोक हसतात, इथलेसुद्धा, आणि माझं काही चुकत असेल तर कोणी सांगत नाही. पण कोणी माणूस तुरुंगात जायच्या बेतात असताना काकूच्या कॉफीचा मान राखून नऊ महिने गप्प बसेल, हे माझ्याही हिशेबात नव्हतं. मी त्याला कधी नीट विचारलं होतं का? विचारलं होतं. माझ्या ऑफिसात, मार्चमध्ये: "काकू म्हणतात तुम्ही शनिवारी त्यांच्याकडे होतात." आणि वेन म्हणाला होता, "काकू म्हणते खरी." मी ते 'हो' असं लिहून घेतलं.

म्हणजे मला ठाऊक होतं की नव्हतं? हा प्रश्न वकिलाला साधा वाटत नाही. खोटा आहे हे ठाऊक असलेला पुरावा पुढे करायचा नाही, असा आमचा नियम आहे आणि त्यातला 'ठाऊक' हा शब्द आम्ही इतक्या प्रेमानं वाढवलाय की त्यात एखादा ट्रक वळवता येईल. वेन म्हणतो शुक्रवार. पण वेन एकसष्टचा, घाबरलेला, रात्रभर जागलेला. काकू त्र्याऐंशीची, पण शब्दकोडं पेनानं सोडवणारी. कोणाचं खरं? धुराडं तुंबलं असेल आणि सकाळी साफही झालं असेल. त्याची आठवण चुकली असेल. असं मी स्वतःला समजावत होतो आणि माझा आवाज मला लिंडक्विस्टच्या आवाजापेक्षा जास्त पटणारा वाटत होता. काकू खोटं बोलणार नव्हती, तिला खरंच शनिवार वाटत होता. तिला मी फक्त उभं करायचं. बाकी ती, तिची शपथ आणि तिची हातानं विणलेली टोपी. सात ते साडेनऊ. निएमी मान डोलावेल. आणि वेन घरी जाईल, कदाचित निर्दोष माणूस म्हणूनच, जो तो कदाचित होताही. खोट्या शनिवारानं खरा माणूस सुटला तर नुकसान कोणाचं? पहिल्या रांगेत रँडी क्रोल बसला होता, सहा बोटांचा. त्याचं नुकसान आधीच झालं होतं.

बोल्डन आठवला. तो येणारच होता. लिंडक्विस्ट बोलायला लागल्यापासून तो मागच्या बाकावर येऊन बसल्यासारखा होता. टेरेन्स बोल्डन, एकतीस वर्षांचा, दुकान लुटल्याचा आरोप. मी ओपनिंगमध्ये ज्युरीला म्हणालो, "तुम्ही हे माझ्याकडून ऐकू नका, टेरेन्सकडून ऐका. तो या खुर्चीत बसून तुमच्या डोळ्यांत बघून सांगेल." काय सुरेख वाक्य होतं. खुर्चीकडे हातही केला होता. आणि चौथ्या दिवशी टेरेन्स म्हणाला, मला नाही बोलता येणार, माझी जीभ जाड होते, ते माझ्यावर तुटून पडतील. आरोपीनं बोललंच पाहिजे असं नाही. तो त्याचा हक्क आहे, जजनी ज्युरीला तसं बजावलंही, त्याच्या गप्प बसण्यावरून काही धरू नका. ज्युरीनं तिकडे लक्षही दिलं नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघणारे त्यांचे डोळे मला दिसले. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या वर्षी त्यानं तुरुंगातून पत्र पाठवलं, रागाचं नव्हतं, रागाचं असतं तर बरं झालं असतं. लिहिलं होतं: 'ते माझी वाट बघत होते. मी कोणाला कधी इतकी वाट बघायला लावली नव्हती.' त्यानंतर दोन वर्षं मी ओपनिंग करणंच सोडलं. आमच्याकडे बचावाला तशी मुभा आहे: आता बोला, नाहीतर सरकारची बाजू संपेपर्यंत राखून ठेवा. मी राखून ठेवायचो. तीन-तीन दिवस ज्युरी एकच गोष्ट ऐकायची, आणि मी उठायचो तोवर त्यांचे चेहरे जेवण झालेल्या माणसांसारखे झालेले असायचे. ते सगळे खटले मी हरलो. कोणालाही काही शब्द न देता, अगदी निष्कलंक हरलो.

"...आणि पुरावा असंही दाखवेल," लिंडक्विस्ट म्हणाला, आणि थांबला, आणि त्या थांबण्यात त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, "की त्या रात्री आरोपी कुठे होता याचा एकच पत्ता आहे. तो म्हणजे ती खाडी." पुढे गेला. सौनाचं नाव नाही. त्याला आइलीकाकूचं नाव मी नियमाप्रमाणे एप्रिलमध्येच कळवलं होतं, त्याचा माणूस तिच्याकडे जाऊन दोन कप कॉफी पिऊन आणि वेलदोड्याचा पाव खाऊन आला होता. सावध वकील अशा वेळी ज्युरीला आधीच टोचून ठेवतो: बचावपक्ष तुम्हाला एक आजी दाखवेल, जरा जपून. त्यानं टोचलं नाही. का? त्याला धुराड्याचं माहीत होतं? की तो मला शब्द द्यायला जागा मोकळी ठेवत होता, बर्फावर दगड सोडताना समोरचा खेळाडू घसरेल तेवढी? की त्याच्या वेळेत बसलं नाही? मी त्याच्या मानेकडे बघत बसलो. मानेवर काही लिहिलेलं नव्हतं. रेडिएटर ठकठक करत होता. खिडकीतून सरोवर दिसत होतं, नोव्हेंबरचं, शिशाच्या रंगाचं. चौथ्या खुर्चीतली बाई तिकडेच बघत होती. मी वेनकडे वाकलो आणि कागदावर लिहिलं: 'शनिवार कशावरून नाही?' वेननं ते वाचलं, माझं पेन घेतलं आणि त्याच्या त्या शाळकरी, वळणदार अक्षरात लिहिलं: 'शनिवारी मला एकट्याला फार वाईट वाटलं होतं. सौना झाली असती तर वाटलं नसतं.'

हा पुरावा नव्हता. कुठल्याही कोर्टात, कुठल्याही नियमाखाली, याला कोणी पुरावा म्हटलं नसतं. मी तो कागद घडी करून आतल्या खिशात, टिपणांशेजारी ठेवला.

लिंडक्विस्टनं आभार मानले नाहीत; चांगले वकील मानत नाहीत. तो येऊन बसला. जज स्ट्राउड, सत्तरीच्या, चष्मा कपाळावर, माझ्याकडे वळल्या. "मिस्टर हॅलोरन. आता बोलणार, की राखून ठेवणार?"

वेन टेबलाकडे बघत होता. मी म्हणालो, "आता, युवर ऑनर," आणि उठलो, आणि उठताना खिशावरून हात फिरवला तो सवयीनं, आणि तीन पावलांवर जाऊन उभा राहिलो. निएमीनं खुर्चीत जरा पुढे सरकून घेतलं. तो तयार होता. देवदाराच्या फळ्या माझ्या जिभेवर होत्या. मी तोंड उघडलं असतं तर वास आला असता.

"त्या शनिवारी संध्याकाळी," मी म्हणालो, "वेन साल्मेला घरी होता. एकटा. त्याला कोणीही पाहिलं नाही."

खोलीत काही झालं नाही. म्हणजे माझ्या पाठीमागे लिंडक्विस्टचं पेन थांबलं, ते मला ऐकू आलं. मी पुढे बोलायला हवं होतं आणि माझ्याजवळ पुढचं काही नव्हतं. तो घरी काय करत होता? काय जेवला? टीव्ही लावला होता का? मी विचारलंच नव्हतं. विचारायला सहा मिनिटं होती, त्यातली निम्मी चिठ्ठी काढण्यात गेली. म्हणून मी, तेवीस वर्षांचा अनुभव असलेला वकील, ज्युरीला न घडलेल्या गोष्टींची यादी सांगू लागलो. शेजारी नव्हता. फोन आला नाही. मी म्हणालो, माणूस घरी एकटा असतो तेव्हा त्याला साक्षीदार नसतो, तुम्हीही कालच्या मंगळवारी संध्याकाळी घरी असाल आणि उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडेही तुम्ही स्वतःच असाल. मी म्हणालो, मिस्टर लिंडक्विस्टनी सांगितलं की धमकी दोनदा दिली; ती दुसरी वेळ कोणती, ते ऐकायला मीही तुमच्याइतकाच उत्सुक आहे. सातव्या खुर्चीतल्या निवृत्त शिक्षिकेनं वहीत काहीतरी लिहिलं. चौथ्या खुर्चीतली बाई सरोवर सोडून वेनकडे बघायला लागली, पहिल्यांदाच. तिच्या बघण्यात दया होती की संशय, हे मला ओळखता येत नाही. तेवीस वर्षांत आलेलं नाही. निएमी हळूहळू खुर्चीत मागे गेला. त्याला काय मिळणार होतं आणि काय मिळालं नाही हे त्याला कधीच कळणार नव्हतं, तरी त्याच्या चेहऱ्यावर ते न मिळाल्याची खूण होती, असं मला वाटलं. आणि मग, कारण वाक्य कुठेतरी संपवायला लागतं, कारण बाराजण आणि दोन राखीव माझ्याकडे बघत होते आणि घरी एकटा असलेल्या माणसाबद्दल जगात फक्त एकच जण सांगू शकतो, मी स्वतःला असं म्हणताना ऐकलं, "तो स्वतः तुम्हाला हे सांगेल."

हात खुर्चीकडे गेला नाही, तेवढा आवरला. येऊन बसलो. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. जज म्हणाल्या, "दहा मिनिटांची सुट्टी." लिंडक्विस्ट माझ्या टेबलाजवळून जाताना थांबला. त्यानं काहीतरी विनोद करायचा विचार केला असावा, मग तो रद्द केला. "कॉफी बदल," एवढंच म्हणाला.

वेन बसूनच होता. "मला बोलावं लागेल का?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती?"

"जितकं आहे तितकं."

"फार नाहीये," तो म्हणाला. मग, "काकू बाहेर बसलीये. बसनं आलीये, दोन बस बदलून. तिला आता कोण सांगणार?"

मीच सांगणार होतो. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून ती कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती, कोटाची सगळी बटणं लावून, मांडीवर थर्मास, हातात विणकाम. मी शेजारी बसलो. आवाजात जितका मान आणता आला तितका आणून म्हणालो, "मिसेस मातला, तुमची साक्ष लागणार नाही असं दिसतंय. तुमचं काही चुकलं असं नाही. दिवसाचा जरा घोळ आहे. वेनला असं वाटतं की ती सौना, कदाचित, शुक्रवारी झाली असावी." बावीस वर्षांत मीही इथलाच झालो होतो.

तिनं ओळ पूर्ण केली. सुया एकत्र धरल्या. "शुक्रवारीच होती," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही, पण मी नीट ऐकलं होतं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पोलिसांसमोर माझ्या तोंडून शनिवार गेला. ते गेल्यावर लक्षात आलं. शनिवारी धुराडं तुंबलं होतं ना. म्हटलं वेन सांगेल. तो माझ्याशेजारीच बसला होता." तिनं थर्मासचं झाकण काढलं, पण ओतलं नाही. "त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ईस्टरला जेवायला आला होता, तेव्हाही नाही. तेव्हा मी समजले."

"काय समजलात?"

"की त्याला शनिवार लागणार आहे."

कॉरिडॉरच्या टोकाला ज्युरीतले दोन सिगरेटवाले जिन्यानं खाली जात होते. मी आवाज खाली आणला. "त्यानं तुमचा मान राखला म्हणून सांगितलं नाही. एवढंच."

"तसंही असेल," आइलीकाकू म्हणाली.

मी तिच्याकडे बघत बसलो. तिचा चेहरा स्वच्छ होता, धुतलेल्या ताटासारखा. नऊ महिने ही बाई दर रविवारी प्रार्थनेला जात होती आणि शपथेवर खोटं बोलायची तयारी करत होती, त्याच्यासाठी, त्याला एका शब्दानं न विचारता.

"मग शनिवारी तो होता कुठे?" तिनं विचारलं.

"घरी. एकटा."

"असं कोण म्हणतं?"

"वेन."

"हं," ती म्हणाली.

ती आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती विणकामाकडे बघत होती, टाके मोजत होती की नुसतीच बघत होती, सांगता येत नव्हतं. माझ्या डोक्यात तो 'हं' एकदा निएमीच्या आवाजात झाला, एकदा शिक्षिकेच्या, एकदा सरोवराकडे बघणाऱ्या बाईच्या. शिपायानं दारातून डोकं काढून मला खूण केली. मी उठलो, कोट सारखा केला, आणि काय म्हणायचं ते न सुचून म्हणालो, की तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल, उगाच ताटकळू नका.

"मी बसते," आइलीकाकू म्हणाली, आणि थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून माझ्यापुढे धरली. "तुमचं चालू द्या. शनिवार पुन्हा लागला तर सांगा."